व्हिचेंझाचा तुल्लिओ कंपान्योलो आणि गियरची तार



सायकल ही आपल्या घरोघरची वस्तू आहे, आणि पोर्ट लुईहून क्युरपिपकडे चढत जाणाऱ्याला गियर कशासाठी असतो हे कोणी सांगावे लागत नाही. सपाटीवर जो गियर हलका वाटतो तोच चढावर छातीवर बसतो. आजच्या शर्यतीच्या सायकलीला ब्रेकच्या दांड्यामध्येच गियर बदलण्याचा चाप असतो. हात हँडलवरून न काढता बोटाने किंवा अंगठ्याने तो दाबला की मागच्या चाकावरची चेन एका चक्रीवरून शेजारच्या चक्रीवर जाऊन बसते. इतके नाजूक काम करते ती एक पोलादी तार, जाडी १.२ मिलिमीटर, म्हणजे सुतळीहूनही बारीक. ही तार चापात कशी घालतात ते आपण पुढे पाहूच. पण त्याआधी त्या माणसाची ओळख करून घेऊ, ज्याचे नाव या कामाशी कायमचे जोडले गेले आहे. त्याचे नाव तुल्लिओ कंपान्योलो.

तुल्लिओचा जन्म २६ ऑगस्ट १९०१ रोजी इटलीच्या उत्तरेकडील व्हिचेंझा या गावी झाला. वडिलांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, पाने, कानशी यांच्या सहवासात मुलगा वाढला. अशा दुकानात वाढलेल्या मुलाला एक गोष्ट आपोआप कळते. कोणतीही वस्तू बिघडली तर ती उघडून पाहता येते. तुल्लिओला दुसरा नाद होता सायकलच्या शर्यतींचा. विशीत असताना तो हौशी स्पर्धक म्हणून धावू लागला. तो फार मोठा स्पर्धक झाला असे कोणी म्हणत नाही. शर्यती त्याने जिंकल्या असतील-नसतील, पण शर्यतीत सायकलस्वाराच्या हाताला, बोटांना आणि मांड्यांना काय सोसावे लागते हे त्याला स्वतःच्या अंगावर कळले होते. पुढे कारखाना काढणाऱ्या माणसाला हे शिक्षण कुठल्या शाळेत मिळाले नसते.

त्या काळची सायकल कशी होती हे डोळ्यासमोर आणले पाहिजे. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना एकेक चक्री असे, एका बाजूची सपाटीसाठी आणि दुसऱ्या बाजूची चढासाठी. चढ आला की स्वार खाली उतरायचा, मागच्या चाकाचे दोन कानांचे नट हाताने सैल करायचा, चाक काढून उलटे फिरवून पुन्हा बसवायचा, चेन ताणायची, नट घट्ट करायचे, आणि मग वर चढायचे. उताराला आल्यावर पुन्हा हाच खटाटोप. गियर बदलणारी यंत्रे तेव्हा निघाली नव्हती असे नाही. फ्रान्समध्ये प्रवासी सायकलस्वार ती वापरत होते. पण टूर द फ्रान्स या सर्वांत मोठ्या शर्यतीत १९३७ पर्यंत अशा यंत्रांना मुभा नव्हती. यंत्राची मदत घेणे म्हणजे मर्दानगीला उणेपणा, असा काहीसा समज होता. आज तो हास्यास्पद वाटतो, पण प्रत्येक पिढीत असे समज असतात.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी डोलोमाइट पर्वतातल्या क्रोचे दाउने या खिंडीवर शर्यत चालू होती. थंडी कडाक्याची, रस्त्यावर बर्फ. तुल्लिओ पुढच्या स्वारांत होता. चढासाठी चाक उलटवायला तो उतरला, पण बोटे गारठून लाकडासारखी झाली होती आणि नट गोठून बसले होते. नट काही केल्या सैल होईना. बाकीचे स्पर्धक त्याला मागे टाकून निघून गेले. शर्यत हातची गेली आणि डोक्यात एक विचार घेऊन तो घरी आला, की सायकलच्या मागच्या बाजूला काहीतरी बदल झालाच पाहिजे.

ही गोष्ट कंपनीने पिढ्यानपिढ्या सांगितली आणि सायकलवेड्यांनी ती देवाच्या कथेसारखी जपली. अलीकडे काही अभ्यासकांनी जुनी वर्तमानपत्रे आणि पेटंटांच्या नोंदी चाळून तिच्या तपशिलाबद्दल शंका काढल्या आहेत. जुन्या लेखांत वर्षही वेगळे सापडते. चाकाचा आस एका दांड्याने झटक्यात सैल किंवा घट्ट करण्याची युक्ती, जिला आज सगळे जग क्विक रिलीज म्हणते, तिच्यासाठी कंपनी १९३० साल सांगते. ते सालही या शंकेतून सुटलेले नाही. लेखकाला विचाराल तर गोष्ट घडली ती अगदी सांगतात तशीच घडली की नाही याने फारसे बिघडत नाही. गारठलेल्या बोटांनी नट सोडवणे किती कठीण असते हे त्या काळच्या प्रत्येक स्पर्धकाला माहीत होते, आणि त्यावरचा सोपा उपाय जगभर नेला तो तुल्लिओनेच, हे मात्र खरे. तो उपाय इतका साधा आहे की तो कोणी शोधून काढला असेल असे वाटतच नाही. पोकळ आसातून एक बारीक सळई जाते. एका टोकाला नट, दुसऱ्या टोकाला उंचवट्याचा दांडा. दांडा वळवला की तो उंचवटा सळई ओढतो आणि चाक चौकटीत आवळले जाते. पान्याची गरज नाही, ताकदीचीही फारशी नाही.

१९३३ साली तुल्लिओने व्हिचेंझामध्ये वडिलांच्या दुकानातच स्वतःचा उद्योग सुरू केला. आरंभी काम हाताने, माणसे मोजकी. त्याने पुढचा प्रश्न हातात घेतला तो चाक न काढताच गियर बदलण्याचा. त्याने जे बनवले त्याला इटालियन लोक कांबिओ कोर्सा म्हणत. आजच्या मुलाला ते दाखवले तर तो हसेल. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला, खोगिराच्या मागे, दोन लांब सळया आणि त्यांना दोन दांडे. स्वाराने चालत्या सायकलवर मागे हात घालायचा, एका दांड्याने चाक सैल करायचे, पेडल उलटे मारत दुसऱ्या दांड्याने चेन शेजारच्या चक्रीवर ढकलायची, चाक आपोआप पुढे-मागे सरकून चेन ताणेल इतके थांबायचे, आणि पहिला दांडा पुन्हा आवळायचा. हे सगळे चढावर, धापा टाकत, प्रतिस्पर्धी बाजूला असताना! चाक तिरके होऊ नये म्हणून आसाला आणि चौकटीला दाते कापलेले असत, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच सरकत.

यात तार नव्हती. सळईने ढकलायचे, सळईने ओढायचे. बरे-वाईट जे काही होते ते थेट हातात कळत असे. आणि हे यंत्र जिंकतही होते. जिनो बार्ताली याने १९४८ ची टूर द फ्रान्स याच यंत्रावर जिंकली. पहिला विजय १९३८ चा, म्हणजे मध्ये दहा वर्षे आणि एक महायुद्ध. जाता जाता सांगायला हवे की याच बार्तालीने युद्धकाळात सराव करीत असल्याचे दाखवून सायकलच्या नळ्यांत खोटी ओळखपत्रे लपवून नेली आणि छळातून ज्यू कुटुंबांना वाचवण्यास मदत केली. त्याने आयुष्यभर याची वाच्यता केली नाही. त्याच्या मृत्यूनंतर, २०१३ साली, इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्याचा गौरव केला. सायकलची नळी काय काय वाहून नेऊ शकते! बार्तालीचा प्रतिस्पर्धी फाउस्तो कॉप्पी याने १९५० ची पॅरिस-रुबे शर्यत तुल्लिओच्या सुधारलेल्या, एका दांड्याच्या गियरवर जिंकली, आणि त्या गियरला त्या शर्यतीचेच नाव पडले.

पण तुल्लिओला स्वतःच्या यशाचा मोह नव्हता असे दिसते. सळईचे गियर जिंकत असतानाच तो ते मोडीत काढण्याच्या तयारीला लागला होता. १९४९ साली मिलानच्या प्रदर्शनात त्याने एक नवा नमुना मांडला आणि १९५१ च्या सुमारास तो ग्रान स्पोर्ट या नावाने बाजारात आला. समांतरभुज चौकोनाच्या आकाराची, बिजागऱ्यांवर हलणारी छोटी चौकट, तिच्या टोकाला चेन धरणाऱ्या दोन छोट्या फिरक्या, आणि त्या चौकटीला ओढणारी तार. तार ओढली की चौकट एका बाजूला जाते, सोडली की स्प्रिंग तिला परत आणते. ही कल्पना सर्वस्वी त्याची नव्हती. फ्रान्समध्ये नीवेक्स नावाच्या गियरात अशी चौकट युद्धापूर्वीच होती, आणि सिंप्लेक्सचे गियर तर तारेवरच चालत. तुल्लिओचे कसब असे की त्याने ती कल्पना पक्की, काटेकोर आणि शर्यतीत न मोडणारी करून दाखवली. लोखंडी सामानाच्या दुकानात वाढलेल्या माणसाला धातू कुठे झिजतो आणि कुठे तुटतो याची नजर होती. पुढची कितीतरी वर्षे जगभरच्या गियरांचा सांगाडा हाच राहिला.

तारेबद्दल दोन शब्द इथेच सांगून टाकू. पोलादी तार एका लवचीक नळीतून न्यायची आणि नळी एका जागी रोखून धरायची, म्हणजे एका टोकाला ओढले की दुसऱ्या टोकाला ओढ पोहोचते, मध्ये कितीही वळणे असली तरी. या युक्तीचे पेटंट १८९६ साली आयर्लंडमध्ये जन्मलेल्या अर्नेस्ट बाउडनने घेतले होते. मोटारसायकलचा क्लच, जुन्या गाड्यांचा हँडब्रेक, सायकलचा ब्रेक, सगळीकडे तीच युक्ती आहे.

ग्रान स्पोर्टची तार हँडलपाशी नव्हती. चौकटीच्या तिरक्या खालच्या नळीवर एक छोटा दांडा असे. स्वार एक हात हँडलवरून काढून, वाकून, तो दांडा मागे ओढी किंवा पुढे ढकली. दांड्याला खाचा नव्हत्या. घर्षणाने तो जिथे सोडाल तिथे राही. चेन नीट बसली की नाही हे कानाने ऐकायचे आणि पायाने ओळखायचे. घरघर ऐकू आली तर केसाएवढा दांडा हलवायचा. अशा व्यवस्थेत तार थोडी ताणली, नळी थोडी दबली, तरी काही अडत नसे. चूक दुरुस्त करणारा स्वार स्वतःच होता.

यानंतरची तीस वर्षे कंपान्योलोची. १९६३ साली रेकॉर्ड, १९६७ साली अॅल्युमिनियमचे नुओव्हो रेकॉर्ड. बेल्जियमच्या एडी मर्क्सने पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकली ती याच कारखान्याच्या भागांवर, आणि २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको शहरात त्याने एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले तेही. चांगला सायकल दुकानदार ओळखायचा असेल तर त्याच्याकडे कंपान्योलोच्या हत्यारांची लाकडी पेटी आहे का पाहावे, असे त्या काळी युरोप-अमेरिकेत समजत. त्या पेटीत नळ्यांना आटे पाडण्याची, चौकट सरळ करण्याची हत्यारे मांडून ठेवलेली असत. आणखी एक गुण लोकांना आवडे. गियरचा एखादा स्क्रू वा फिरकी झिजली तर तेवढाच भाग सुटा मिळे, संपूर्ण गियर फेकावे लागत नसे. त्यामुळेच ५० वर्षांपूर्वीची ती यंत्रे आजही रस्त्यावर दिसतात.

तुल्लिओचा हात सायकलीपुरता थांबला नाही. मॅग्नेशियम धातू ओतण्याचे तंत्र त्याने आत्मसात केले आणि फेरारी, लॅम्बोर्गिनी यांच्यासारख्या मोटारींची चाके त्याच्या कारखान्यात होऊ लागली. १९६६ साली त्याने बाटलीचे बूच काढण्याचे एक भले मोठे यंत्र काढले. ते बाटलीच्या मध्यावर स्वतःच बसते आणि दोन दांडे दाबले की बूच सरळ वर येते. वाइनचे बूच तुटून बाटलीत पडल्यामुळे चिडलेल्या माणसाने ते केले असणार, अशी शंका येते! आजही सायकलप्रेमी ते एकमेकांना भेट म्हणून देतात.

फेब्रुवारी १९८३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, तुल्लिओचे निधन झाले. ते कारखान्याचे ५० वे वर्ष होते. त्या निमित्ताने खास कोरीवकाम केलेले भाग निघाले, पण ते बाजारात आलेले पाहायला संस्थापक उरला नव्हता. धुरा मुलगा व्हॅलेंतिनो याच्याकडे आली, आणि ती अत्यंत कठीण वेळी आली. जपानमधील शिमानो कंपनीने १९८४ च्या सुमारास खाचांचा गियर आणला. दांडा एक टिचकी वाजवतो, चेन बरोबर एक चक्री सरकते. कान नको, अंदाज नको. कंपान्योलोने घाईने स्वतःची खाचांची व्यवस्था काढली, पण ती शिमानोइतकी अचूक चालेना. १९९० मध्ये शिमानोने चाप थेट ब्रेकच्या दांड्यात बसवला आणि नळीवरचा दांडा कायमचा मागे पडला. ज्या माणसाने स्वतःचे जिंकणारे सळईचे गियर स्वतःच मोडीत काढले, त्याच्याच घराण्याचा कारखाना आता दुसऱ्याच्या मागे धावत होता. कारखाना टिकणार की नाही असा प्रश्न लोक विचारू लागले.

१९९२ साली व्हिचेंझाहून एर्गोपॉवर आला. ब्रेकच्या दांड्यामागे बोटासाठी एक चाप, तो तार ओढतो. आतल्या बाजूला अंगठ्यासाठी दुसरा, तो तार सोडतो. शिमानोच्या चापांची गियरची तार बाहेर काढलेली, हँडलपुढे कमानीसारखी लोंबत असे. कंपान्योलोने ती ब्रेकच्या तारेबरोबर हँडलच्या पट्टीखाली दडवली. सायकल दिसायला नीटनेटकी झाली, आणि कारखानाही वाचला.

खाचांच्या गियरात तारेचे महत्त्व एकदम वाढले ते यासाठी, की प्रत्येक टिचकीला तार ठराविक इतकीच ओढली जाते. नळी दबली किंवा तार आत घासली तर ती ठराविक ओढ मागच्या चाकापर्यंत पोहोचतच नाही, आणि चेन दोन चक्रींच्या मध्ये कुरकुरत राहते. म्हणून गियरच्या नळीत तारा लांबीच्या दिशेने सरळ घातलेल्या असतात, त्या दबत नाहीत. ब्रेकच्या नळीत त्या वेटोळ्यासारख्या असतात. या दोन्ही नळ्यांची अदलाबदल कधी करू नये. ब्रेकची नळी गियरला लावली तर फक्त गियर बिघडेल. गियरची नळी ब्रेकला लावली तर जोराने ब्रेक दाबताच ती फाटू शकते, आणि तेव्हा आपण उतारावर असलो तर काय होईल ते सांगायला नको.

नवी तार घालण्यापूर्वी जुनी सैल करून अंगठ्याचा चाप शेवटच्या टिचकीपर्यंत दाबत राहावा, म्हणजे आतली चकती पूर्ण सुटते आणि तार बसण्याचे छिद्र समोर येते. सर्वांत जास्त चूक इथेच होते. चकती मध्येच असेल तर तार आत कुठेतरी अडते, माणूस ती जोराने रेटतो आणि तिचे टोक उसवते. मग ब्रेकच्या दांड्यावरचे रबरी आवरण मागे सारायचे, तारेचे मोकळे टोक छिद्रातून घालायचे आणि हळूहळू पुढे ढकलायचे, ते पट्टीखालच्या नळीच्या तोंडाशी बाहेर येते. तारेच्या मागच्या टोकाला शिशाच्या मण्यासारखी धातूची गाठ असते, ती चकतीच्या खोबणीत बरोबर बसली पाहिजे. कंपान्योलोच्या तारेची गाठ शिमानोच्या गाठीहून थोडी लहान आहे. शिमानोची तार कंपान्योलोच्या चापात रेटून बसवली तर बसेलही, पण पुढच्या वेळी ती निघता निघत नाही.

नळी कापायला धारदार कापणी लागते, साध्या पक्कडीने तोंड चेपते. कापल्यावर तोंड कानशीने सपाट करून आतले प्लॅस्टिकचे अस्तर सुईने किंवा आरीने उघडावे आणि टोपी घालून बसवावे. हँडलभोवती वळण मोठे ठेवावे. तार मागच्या गियरला आवळल्यावर एकदा पेडल फिरवत सगळे गियर पालटून पाहावेत, नळ्यांची तोंडे आपापल्या जागी दबून बसतात आणि तार सैल झालेली दिसते. तेवढी ती पुन्हा ताणून घ्यावी.

तार तुटते ती बहुधा चापाच्या आत, गाठीजवळ, कारण तिथे ती प्रत्येक टिचकीला वाकते. एकेक धागा तुटतो आणि चापात अडकतो. गियर अचानक जड चालू लागला, किंवा रोज थोडा थोडा बिघडू लागला, तर रबरी आवरण उलटून आत पाहावे. तार पूर्ण तुटली तर मागची चेन सर्वांत लहान चक्रीवर जाऊन बसते, म्हणजे सर्वांत जड गियर. मग क्युरपिपचा चढ पायी चढावा लागेल.

आता तर शर्यतींतून ही तार नाहीशी होत चालली आहे. शिमानोने २००९ साली रस्त्याच्या शर्यतींसाठी विजेवर चालणारे गियर बाजारात आणले, कंपान्योलोने २०११ साली. आपल्या मॉरिशसची किम ल कूर हिने २०२५ साली स्त्रियांची लिएज-बास्तोन-लिएज ही शर्यत जिंकली आणि त्याच वर्षी स्त्रियांच्या टूर द फ्रान्समध्ये पिवळा जर्सी अंगावर चढवला. त्या दर्जाच्या शर्यतींत चाप आता बहुधा तार ओढत नाही, संदेश पाठवतो. पण साध्या माणसाच्या सायकलीला अजून तारच आहे, आणि क्रोचे दाउनेच्या खिंडीवर, जिथे तुल्लिओचे स्मारक उभे आहे, चढून येणाऱ्या हौशी स्वारांपैकी पुष्कळांच्या सायकलीलाही. तार बसवून झाली की उरलेले टोक एक-दोन इंच ठेवून कापावे आणि त्याला छोटी टोपी चिमटीने दाबून बसवावी, नाहीतर धागे उसवतात आणि पिंढरीला बोचतात.